बीजाची निद्रा

भाद्रपद सरत आला की निपाणी भागातील बोरगावच्या शिवारात भुईमुगाच्या काढणीचे वेध लागतात. पाला पिवळा पडतो, टरफल आतून काळसर होते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस झडीला बसला, तर वाफशाअभावी काढणी खोळंबते. आठवड्याने झाडे उपटावीत, तो शेंगांतून पांढरे कोंब डोकावत असतात. साडेतीन महिन्यांचे कष्ट मातीतच उगवून जातात. त्याच पावसात बांधापलीकडील पसऱ्या भुईमुगाच्या शेंगा मात्र शाबूत राहतात. माती एक, पाऊस एक. मग हा भेद कशाने पडावा?

हा भेद बीजाच्या कुळातला आहे. पसऱ्या जातीचा दाणा पक्व झाल्यावर काही काळ निद्रिस्त राहतो. ओल मिळूनही तो रुजत नाही. या अवस्थेस सुप्तावस्था म्हणतात. उपट्या जातींत ती बहुधा नसतेच.

बीजाच्या पोटात दोन द्रव्यांची ओढाताण चाललेली असते. अॅब्सिसिक आम्ल त्याला निजवते, तर जिबरेलीन जागे करते. कोणाचे पारडे केव्हा जड व्हावे, हे आनुवंशिक घटक, म्हणजे जनुके, ठरवितात. मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपात असे एक जनुक २००६ साली शास्त्रज्ञांनी हुडकून काढले. ते निकामी झाले की ताजे बीही विनाविलंब रुजते.

तर मग अधिक झोपाळू जातच पेरावी काय? तसेही नव्हे. निद्रा फार लांबली, तर ते बी पुढील हंगामात पेरताच उगवण विरळ होते. शेतकऱ्यास हवी असते ती दोन-तीन आठवड्यांची, पावसाची झड निभावून नेण्यापुरती झोप. हा गुण आनुवंशिक असल्यामुळे संकराने एका जातीतून दुसरीत आणता येतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या व १९९५ साली प्रसृत झालेल्या ‘टी. जी. २६’ या उपट्या वाणाचा दाणा सुमारे २० दिवस निद्रिस्त राहतो.

परतीचा पाऊस अडविणे कोणाच्याही हाती नाही. बियाणे घेताना मात्र उताऱ्याबरोबर त्याच्या झोपेचीही चौकशी करणे शेतकऱ्याच्या हाती आहे. बीजाची निद्रा हा आळस नव्हे. ती त्याला वंशपरंपरेने लाभलेली सावधगिरी होय.