कोरी जागा म्हणजे ‘नाही’ नव्हे



रायपूरच्या एका रुग्णालयात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या जुन्या केसपेपरांवरून माहिती उतरवून घेण्याचं काम काही काळ माझ्याकडे होतं. प्रश्न साधा होता. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू केल्यावर मुलांना रक्त चढवण्याची वेळ कमी येते का? औषधाची रीतसर चाचणी होते तेव्हा गोळ्या मोजून दिल्या जातात, तपासणीच्या तारखा पाळल्या जातात. पण रोपणीच्या दिवसांत ज्या घरातलं कुणी दवाखान्यात येऊच शकत नाही, त्या घरातल्या मुलाला किती गुण आला, हे रोजच्या केसपेपरांतूनच शोधावं लागतं.

पहिल्याच महिन्यात आमची चूक झाली. ‘रक्त दिले का?’ या रकान्यात मी ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय ठेवले होते. कागदावर काही लिहिलेलं नसलं, की माहिती उतरवणारे माझे सहकारी ‘नाही’वर खूण करत. रक्तपेढीच्या रजिस्टरशी ताळा घेतला, तेव्हा त्यातल्या काहींना रक्त दिलेलं निघालं. ‘दिलं नाही’ आणि ‘लिहिलं नाही’ या दोन गोष्टी आम्ही एक करून टाकल्या होत्या. ‘नोंद नाही’ हा तिसरा पर्याय घालून सगळे फॉर्म पुन्हा भरले.

दुसरा धडा ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांनी दिला. ही प्राथमिक तपासणी वाहकाचीही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाचीही. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक, म्हणजे एएस, बहुधा ठणठणीत असतो. दोघांकडूनही आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. हा फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून कळतो, आणि नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तोही अहवाल फसवू शकतो. म्हणून ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढ्यावर कुणाला ‘रुग्ण’ लिहायचं नाही, आणि हिमोग्लोबिनचा आकडा रक्त देण्याआधीचा की नंतरचा, हे लिहिल्याशिवाय तो उतरवायचा नाही, असे नियम केले.

हे नियम वहीत लिहून ठेवले. काही केसपेपर दोघांना वेगवेगळे उतरवायला द्यायचे, एकमेकांचं न पाहता. जिथे जुळलं नाही, तिथे मूळ कागद उघडून सगळ्यांनी बसायचं. ‘कोण चुकलं?’ असं मी विचारत नसे. दोन शहाणी माणसं एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचत असतील, तर नियमातच काहीतरी राहिलेलं असतं. नियम बदलला की तारीख टाकायची आणि आधीचे कागद पुन्हा तपासायचे. काम मंदावायचं, पण आकड्यावर विश्वास ठेवता यायचा.

नावं मात्र आम्ही अभ्यासाच्या फॉर्मवर येऊ दिली नाहीत. मुलगी वाहक आहे एवढं कळलं तरी तिचं लग्न अडतं, अशी घरं मी पाहिली आहेत. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात.

या खटाटोपातून काय निघतं, हे पाहायचं तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं उदाहरण घ्या. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते खेडोपाडी गेले, घरी जाऊन विचारपूस केली. पुढे त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, आणि नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे होते. एकेका मृत्यूचं कारण कुणीतरी नीट नोंदवलं, म्हणून ३४ आणि ६४ मधलं अंतर जगाला दिसलं.

आता पुन्हा सिकल सेलकडे येऊ. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. छत्तीसगढ आणि आपला विदर्भ, दोन्ही त्यात आहेत. एवढे कागद तयार होत असतील, तर ते वाचता येण्याजोगे हवेत.

म्हणून डॉक्टरांना आणि सिस्टरांना माझी विनंती आहे. विचारलंत आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर ‘नाही’ असं लिहा. जागा कोरी सोडू नका. आणि ऐकणाऱ्या आईवडिलांनो, मुलाचं नाव प्रत्येक दवाखान्यात एकच सांगा, आणि त्याची फाइल जपून ठेवा. पुढच्या मुलावरचा उपचार त्या कागदांवरून ठरणार आहे.