रंगपेटी उसनी घ्या

"मला कुठं चित्र काढता येतं?" असं म्हणून आपण रंगपेटी मुलांच्या हाती देतो आणि मोकळे होतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. 39 प्रौढांना 45 मिनिटं कागद, स्केचपेनं, माती, कात्रणं देऊन बसवलं. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आधी आणि नंतर लाळ तपासली. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सुमारे 75 टक्के जणांत उतरलं होतं. गंमत म्हणजे, हात सरावाचा की नवखा, यानं फारसा फरक पडला नाही. माणसं थोडी होती, हेही खरं.

आपली ठिपक्यांची रांगोळी आठवा. चिमटीतून रेघ सोडताना मन भरकटलं की ओळ चुकतेच. चुकली तर बोटानं पुसायची, पुन्हा ओढायची. संध्याकाळपर्यंत ती विस्कटणारच असते, म्हणून सुंदरच यायला हवी असा धाकही नाही.

झोपच उडाली असेल, मन सतत खचत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. एरवी आज रात्री मोबाइल बाजूला ठेवा आणि मुलांची रंगपेटी पाऊण तास उसनी घ्या. चित्र कुणाला दाखवायलाच हवं असं नाही.