हप्ता महिन्याला, कापूस वर्षाला

(पळस्पे, ता. पनवेल येथे कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सारी कोरडवाहू मुलखातली माणसे आज या भाताच्या मुलखात, पळस्पे फाट्यावर जमलो आहोत. जागा नीट पाहून घ्या. न्हावाशेवा बंदराकडून येणारा महामार्ग इथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. गोव्याचा रस्ताही इथूनच फुटतो. १९८९ साली बंदर सुरू झाले. शेतात पिकलेला माल खाली बंदराकडे जातो, कारखानी माल वर घाटाकडे चढतो. खाली जाणाऱ्या मालाचा भाव आपण ठरवत नाही आणि वर येणाऱ्या मालाचाही भाव आपण ठरवत नाही. दोन्ही वेळा समोरचा सांगतो आणि आपण मान डोलावतो.

आज बोलायचे आहे ते या कारखानी मालातल्या खिशात मावणाऱ्या वस्तूबद्दल. स्मार्टफोनबद्दल. आता तो बहुतेक आपल्याच देशात जुळवला जातो, सुटे भाग मात्र पुष्कळसे बाहेरून येतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्याने फोन घेऊ नये, असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. शेतकरी लग्नात पैसा उधळतो, पोरांना फटफटी घेऊन देतो, म्हणून तो कर्जात बुडतो, हे शहाणपण आपल्याला शहरातून फार वर्षे ऐकवले जाते. शेतकरी बुडतो तो मालाला भाव मिळत नाही म्हणून. पगारदाराने फोन घेतला तर ती गरज आणि आपण घेतला तर ती चैन, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

फोनची ओढ खोटी नाही. ३१ जुलै १९९५ रोजी या देशात मोबाईलवरून पहिले बोलणे झाले, तेव्हा तो मंत्र्यांच्या आणि शेठजींच्या हातातला दागिना होता. आज परभणीचा आणि अकोल्याचा भाव बांधावर कळतो. बोंडात गुलाबी अळी दिसली की फोटो काढून जाणकाराला पाठवता येतो. पाऊस कधी येणार याचा अंदाज मिळतो. पुण्यात शिकणाऱ्या पोरीचे तोंड आईला दिसते. आणि पोरांचे म्हणाल, तर चार जणांत बसल्यावर हातात काय आहे यावर माणसाची पत ठरायला लागली आहे. पोरगा फोन मागतो तेव्हा तो नुसते यंत्र मागत नाही, आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत याचा दाखला मागतो.

तो दाखला बापाला देता आला नाही तर काय होते? जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या शाळकरी मुलाने फोन मिळाला नाही म्हणून जीव दिला आणि पाठोपाठ बापानेही. बातमी देशभर छापून आली. काहींनी पोराला हट्टी म्हटले. आम्ही म्हणतो, त्या घरात पिकाचा पैसा उरला असता तर तो हट्ट हट्टच राहिला असता, रुसण्या-मनवण्यात संपला असता. म्हणून या विषयाचा हिशेब मांडायचा. तोही रुपयात नाही, क्विंटलात.

पंधरा हजारांचा फोन धरा. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. दुकानदार म्हणेल, दोन क्विंटलाचा तर प्रश्न आहे. पण त्या भावातले ५,१४० रुपये हा सरकारनेच धरलेला उत्पादन खर्च आहे. आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड आणि आपल्या भांडवलाचे व्याज त्यात नाही. तरी सरकारचाच हिशेब खरा धरू. क्विंटलामागे उरले २,५७० रुपये. म्हणजे पंधरा हजारांचा फोन दोन क्विंटलाचा नाही, जवळजवळ सहा क्विंटलाचा आहे. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल निघाले की आपण देवाला नारळ फोडतो. तेव्हा एका एकराहून जास्त रानाची वर्षाची शिल्लक त्या डबीत गेली. संकरित ज्वारीचे गणित आणखी कडू आहे. हमीभाव ३,६९९, धरलेला खर्च २,४६६, उरले १,२३३. तिथे बारा क्विंटलांहून जास्त ज्वारी विकावी लागते. आणि हा सारा हिशेब हमीभाव हातात पडला तर.

आता त्या पंधरा हजारांच्या आत डोकवा. १ एप्रिल २०२० पासून फोनवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे सुमारे २,२८८ रुपये सरकारचे. व्यापाऱ्याने धंद्यासाठी फोन घेतला, तर नोंदणीच्या जोरावर हा कर तो आपल्या देण्यातून वळता करून घेऊ शकतो. तुम्ही शेतीसाठी घेतला तर वळता करायला जागाच नाही.

रोख नसेल तर हप्ता. पाटीवर लिहिलेले असते, शून्य टक्के व्याज. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही, वर कागदपत्रांचे शुल्क लागते. व्याज तेच, फक्त नाव बदलून आलेले. पण आपला खरा घात व्याजाने होत नाही, तारखेने होतो. पगार महिन्याला येतो म्हणून हप्ता महिन्याला ठेवला आहे. कापूस वर्षातून एकदा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये खत आणि फवारणीला पैसा पुरत नाही, तेव्हाही हप्त्याची तारीख चुकत नाही. हप्ता थकला की दंड आणि सिबिलवर डाग. पुढच्या जूनला पीककर्जाला गेलात की बँकेतला साहेब तोच डाग दाखवतो. सिबिल पाहू नका असे सरकार सांगते, साहेब पाहतोच.

फोन घेतला म्हणजे संपले असेही नाही. रिचार्ज बहुधा अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणून वर्षाचे बारा नाही, तेरा रिचार्ज भरावे लागतात. तीनशेचा धरला तर वर्षाला ३,९०० रुपये, म्हणजे दीड क्विंटल कापसाची शिल्लक. तीन वर्षे फोन टिकला तर ११,७००. फोन आणि रिचार्ज मिळून २६,७००. दहा क्विंटलांहून जास्त कापसाची शिल्लक एका फोनमागे जाते. घरात दोन फोन असतील तर बेरीज तुम्हीच करा.

आता तराजू पाहा. परदेशातून तयार फोन आला तर त्यावर आयात शुल्क लागते. ते वीस टक्के होते, जुलै २०२४ मध्ये पंधरा केले. इथे फोन करणाऱ्या कारखान्यांना २०२० पासून उत्पादनावर प्रोत्साहनाचे अनुदान दिले गेले. आणि कापूस? त्यावर अकरा टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते काढले आणि ३१ डिसेंबरपर्यंत काढलेलेच ठेवले. नेमका आपला कापूस घरात येण्याचा तो काळ. कारखान्याला कुंपण हवे, कापसाचे कुंपण मात्र वेचणीच्या तोंडावर उपटायचे! आम्हाला कुंपणाची भीक नको. तराजू दोघांना एकच हवा.

आणि ज्याला चैन म्हणतात ती सक्तीची कोणी केली? ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी फोनवर आली. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागली. पूर्वी नोंद ठेवायला कचेरी होती, कारकून होता, कागद सरकारचा होता. आता यंत्र आपले, रिचार्ज आपला, रेंजसाठी टेकाडावर चढणारे पाय आपले. सरकारने कचेरीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशात घातला आणि त्याला सोय म्हटले.

हिशेब मागण्याची रीत याच पनवेल-उरणच्या मातीत आहे. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सरकारी दर नाकारला. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. घेणाऱ्याने सांगितलेली किंमत म्हणजे वस्तूचे मोल नव्हे, हे त्यांनी रक्त सांडून शिकवले.

तेव्हा गावी जाऊन तीन कामे करा. एक, फोन घेण्याआधी त्याची किंमत क्विंटलात लिहा आणि तो कागद पोरापोरींसमोर ठेवा. त्यांना रागवू नका, हिशेबात घ्या. दुसरे, हप्ता घ्यायचाच तर पीक हाती आल्यावर फेडायचा मागा. ते जमणार नसेल तर रोखीने, जमेल तेवढाच, जुना असला तरी चालेल असा घ्या. तिसरे, ग्रामसभेत ठराव करा की पीक नोंदणी आणि हमीभावाची नोंदणी फोनशिवायही गावातल्या कचेरीत झाली पाहिजे, आणि सरकारला फोनच हवा असेल तर फोन-रिचार्जचा खर्च कापूस-ज्वारीच्या उत्पादन खर्चात धरला पाहिजे.

पोराच्या हातात फोन असावा, चांगला असावा. पण तो त्याच्या बापाच्या कापसाच्या भावातून यावा, सावकाराच्या तारखेतून नको. एवढे मागणे आहे.