गाळात लिहिलेले हवामान



मराठीत ‘गाळात जाणे’ म्हणजे बुडीत निघणे. तळ्यातला गाळ शेतात पसरणारा शेतकरी मात्र त्याचे मोल जाणतो. आणि भूशास्त्रज्ञ तर त्यासाठी पृथ्वीच्या टोकापर्यंत जातो.

रशियाच्या ईशान्येस, चुकोत्का प्रदेशात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे एल्गिगित्गिन नावाचे सरोवर आहे. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी अशनिपाताने पडलेल्या विवरात ते साठले. हिमयुगांतील हिमनद्यांनी उत्तरेकडील असंख्य तळी खरवडून काढली. या विवरावरून मात्र हिमनदी कधीच सरकली नाही. त्यामुळे गाळावर गाळ निर्वेध साचत राहिला. २००९ साली, सरोवर गोठलेले असताना, त्या बर्फावरच यंत्र उभारून रशियन, जर्मन, अमेरिकी व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी तळाचा ३१८ मीटर जाडीचा गाळ भेदला.

हा गाळ वाचायचा कसा? अतिशीत काळात बर्फाचे झाकण उन्हाळ्यातही वितळत नसे. पाणी ढवळले जात नसल्याने तळाशी प्राणवायू पोहोचत नसे. गाळ उकरणारे जीव तेथे तगत नसत आणि काळसर, बारीक थर जसेच्या तसे राहत. उबदार काळात झाकण उघडे, आणि सिलिकेचे कवच असलेले डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल फोफावून अखेर तळाशी जाई. गाळातील सिलिकॉनचे टायटॅनियमशी असलेले प्रमाण वाढले, की ती उबेची खूण. वाऱ्याने आलेले परागकण परिसरातील वनस्पती सांगतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटल्याच्या नोंदी काळ सांगतात. एकट्या साक्षीदारावर विसंबणारा येथे हमखास फसतो.

दोन हिमयुगांमधील उबदार काळास आंतरहिमकाल म्हणतात. आपण आज अशाच एका काळात राहतो. मार्टिन मेलेस व सहकाऱ्यांचा २०१२ मधील शोधनिबंध सांगतो, की सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या आंतरहिमकालात तेथील उन्हाळा आताच्या आंतरहिमकालापेक्षा चार ते पाच अंश सेल्सिअसने उष्ण होता. आज वृक्षहीन असलेल्या त्या भूमीच्या गाळात स्प्रूस वृक्षाचे परागकण सापडले. तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीइतकाच होता. आज तो त्याच्या सुमारे दीडपट आहे. पृथ्वीच्या कक्षेतील फेरबदल आणि हा वायू, एवढ्याने त्या उष्णतेचा हिशेब जुळत नाही. ध्रुवीय प्रदेशात ऊब स्वतःलाच वाढवत नेते आणि दूरच्या अंटार्क्टिकावरील बर्फाची घटही तिला हातभार लावत असावी, असे या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

त्या काळाचा आणखी एक साक्षीदार ग्रीनलंडमध्ये मिळाला. १९६६ साली, सुमारे १.४ किलोमीटर जाड बर्फाखालून काढलेली माती अनेक दशके शीतगृहात विस्मृतीत पडली होती. २०२३ मध्ये तिचा काळ ठरला: सुमारे ४ लाख १६ हजार वर्षे. जिथे आज एवढा बर्फ आहे, तिथे तेव्हा उघडी जमीन होती आणि तीवर शेवाळ उगवले होते.