दाबमापनाचे मोल
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



जमाखर्चाचे पत्रक आपणांपुढे सादर झालेच आहे. त्यातील ‘उपकरणे तपासणी व दुरुस्ती’ या शीर्षाविषयी थोडे निवेदन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सांगोल्याच्या डाळिंब बागायतदारास दाबमापक नवा नाही. ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडील व पलीकडील दाबात तफावत वाढली, की फिल्टर तुंबल्याचे तो ओळखतो. रुग्णालयातही हेच तत्त्व आहे. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीत द्रव भरून एका टोकास दाब दिला, की दुसऱ्या बाजूची पातळी चढते. दोन पातळ्यांतील अंतर हेच दाबाचे माप. जणू तराजूची दोन पारडीच!

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीस काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले; हा प्रयोग त्यांनी इ. स. १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने नळी आखूड झाली. आपला १२० मिलिमीटरचा रक्तदाब पाण्याने मोजावयाचा, तर सुमारे १६३ सेंटीमीटर उंचीचा स्तंभ लागेल. इटलीचे रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाचा पट्टा आणला, तर रशियाचे कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकण्याची पद्धत दिली.

पारा विषारी असल्याने २०१३ च्या मिनामाता करारान्वये ही उपकरणे मागे पडत आहेत. त्यांच्या जागी आलेले काट्याचे व डिजिटल यंत्र सोयीचे खरे. परंतु काट्याचे यंत्र एकदा हातून पडले तरी आकडा ढळू शकतो. दंडास लहान पडणारा पट्टा दाब वाढीव दाखवितो. चुकीच्या आकड्यावर निरोग्यास आयुष्यभराची गोळी लागू शकते, अथवा खऱ्या रुग्णाचा विकार लपून राहू शकतो.

ऑक्सिजनचेही तसेच. भरलेल्या सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो असतो, तर खाटेपर्यंत जाणाऱ्या नळीतील केवळ ४ किलोच्या आसपास. सिलिंडरचा काटा निम्म्यावर आला, म्हणजे वायूही निम्माच उरला. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथे एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीस गळती लागून पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. ती घटना कोणत्याही रुग्णालयाने विसरता कामा नये.

नवीन यंत्रास दात्याचे नाव लागते. तपासणीच्या पावतीस ते लागत नाही. तथापि यंत्राचा आकडा खरा ठेवणारे दान तेच होय. देणगीतील काही अंश या कार्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. रुग्णांच्या आप्तांनीही काट्याविषयी निःसंकोच विचारावे. त्यांचा तो अधिकार आहे.