निबंधासाठी तीस मिनिटं
परदेशातल्या अनेक बिझनेस स्कूल्सना जीआरई चालते, आणि या परीक्षेची सुरुवातच निबंधाने होते. सप्टेंबर २०२३ पासून निबंध एकच, वेळ ३० मिनिटं. एक विधान देतात. आपल्याला ते कितपत पटतं, हे कारणांसह मांडायचं. विषयांची यादी ही परीक्षा घेणारी संस्था ईटीएस स्वतःच प्रसिद्ध करते, पण कृपा करून तयार निबंध पाठ करू नका. एक विषय घ्या, घड्याळ लावा आणि पहिली पाच मिनिटं फक्त मुद्दे काढा. समजा विधान आहे, ‘शहरांमुळेच देशाची प्रगती होते’. मग प्रगती मोजायची कशावरून? विरुद्ध बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण कोणतं? त्याला उत्तर दिलंत, की निबंध उभा राहतो. परीक्षेत संगणक स्पेलिंग सुधारून देत नाही. म्हणून शेवटची तीन मिनिटं वाचून पाहायला ठेवाच.