टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्या

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसलात ना? आज आम्ही बोलणार आहोत टीव्हीबद्दल. रेडिओवर बसून टीव्हीच्या गोष्टी कशाला, असं म्हणू नका. आमच्या गटातल्या एका घरात जे झालं ते ऐकलंत, तर तुमच्याही घरात एक बटण दाबून बघावंसं वाटेल.

आमच्यातल्या एकीनं दिवाळीला भिशीच्या पैशांतून 32 इंची टीव्ही घेतला. पहिल्याच रात्री सिनेमा लावला, तर चित्राच्या वर तीन बोटं आणि खाली तीन बोटं काळी पट्टी! घरात गोंधळ. कुणी म्हणे पडदा खराब, कुणी म्हणे दुकानदारानं फसवलं. दुकानातला पोरगा फोनवर सांगत होता, "ताई, सिनेमाच तसा आहे." पण विश्वास कोण ठेवणार? शेवटी एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं रिमोटची दोन बटणं दाबली, तीनशे रुपये घेतले आणि पट्ट्या गेल्या. सगळे खूश.

तिच्या सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्या सिनेमा बघतात तो खाली उमटणाऱ्या हिंदी ओळी वाचत. पट्ट्यांबरोबर त्या ओळीही पडद्याबाहेर गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ बसायच्या आणि मध्येच उठून आत जायच्या. घरच्यांना वाटलं, आता डोळेही गेले बहुतेक. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंसुद्धा! नववीतल्या नातीनं सहज रिमोट चाळला, पट्ट्या परत आल्या, ओळी परत आल्या, आणि आजी म्हणाली, "हां, आता राहू दे."

तेव्हापासून आम्ही या पट्ट्यांच्या मागे लागलो.

मुळात सिनेमाचं चित्र इतकं रुंद नव्हतं. 1890 च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या माणसानं 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली. एका चित्राला कडेची चार भोकं, असा हिशेब. त्यातून जे चित्र आलं ते चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. पुढे आवाजाची पट्टी फिल्मवर आली तेव्हा थोडा फरक पडला, पण आकार साधारण तोच राहिला. आपला प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा, तो याच आकाराचा. टीव्ही आला तेव्हा त्यानंही सिनेमाचंच माप उचललं. आपला जुना डबा टीव्ही आठवा, चारास तीन.

मग भांडण झालं. 1950 च्या आसपास अमेरिकेत घरोघरी टीव्ही शिरला आणि लोक थिएटरात जाईनासे झाले. घरबसल्या फुकट दिसत असेल तर तिकीट कोण काढणार? सिनेमावाल्यांनी ठरवलं, टीव्हीला जमणार नाही असं काहीतरी दाखवायचं. पडदाच रुंद केला. 1953 साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. युक्ती मोठी गमतीची. फ्रान्समधल्या आंरी क्रेतियें या शास्त्रज्ञानं एक भिंग केलं होतं. ते रुंद देखावा दोन्ही बाजूंनी दाबून निम्म्या रुंदीत बसवायचं. फिल्मवर माणसं काडीसारखी बारीक दिसायची. थिएटरातल्या यंत्राला दुसरं भिंग, ते चित्र परत पसरवायचं. फिल्म तीच, चित्र मात्र उंचीच्या सव्वादोन-अडीच पट रुंद.

म्हणजे हा आकार टीव्हीत बसू नये म्हणूनच जन्माला आला. आणि आज आपण त्याला टीव्हीत बसवायला मेकॅनिक बोलावतो!

आता तुम्ही म्हणाल, हल्लीचे टीव्ही तर रुंदच असतात. असतात, पण तेवढे नाहीत. 1980 च्या दशकात नव्या टीव्हीचं माप ठरवताना अमेरिकेतल्या अभियंत्यांनी सगळ्या सिनेमांच्या आकारांचे चौकोन एकावर एक ठेवून बघितले आणि मधलं माप काढलं, सोळास नऊ. कुणालाच फार त्रास नको, हा त्यामागचा विचार. त्यामुळे थोडा त्रास सगळ्यांनाच झाला, ते सोडा.

आम्ही टेप घेऊन मोजलंच. 32 इंची टीव्हीचा पडदा साधारण 71 सेंटिमीटर रुंद आणि 40 उंच. सिनेमास्कोपचं चित्र 71 रुंद झालं की उंची होते 30. उरले 10 सेंटिमीटर, पाच वर, पाच खाली. ते काळे. मेकॅनिकनं काय केलं, तर 'झूम' दाबून चित्र मोठं केलं. उंची 40 झाली, पण मग रुंदी 94 हवी, आणि पडदा तर 71 चाच. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून 23 सेंटिमीटर सिनेमा बाहेर. साडीचे दोन्ही काठ कापून उरलेलं कापड नेसल्यासारखं! आणि त्याचे तीनशे रुपये.

आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा 'कागज के फूल', 1959 चा. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. रिकाम्या स्टुडिओत गुरुदत्त आणि वहिदा रेहमान एकमेकांपासून लांब उभे आहेत आणि वरून उजेडाचा झोत येतोय, ते गाणं आम्ही झूम करून पाहिलं आणि पट्ट्या ठेवूनही पाहिलं. त्या दोघांमधलं अंतर हेच तर तिथलं दुःख. कडा कापल्या की अंधार संपतो आणि दोघं नुसती खोलीत उभी राहिल्यासारखी वाटतात.

एकीनं विचारलं, पट्टी काळी असते तेव्हा विजेचं बिल कमी येतं का? नाही हो. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागचा दिवा चालूच असतो.

तुमच्या घरी पट्ट्या दिसल्या तर आधी बातम्या लावा. बातम्या पडदाभर दिसत असतील तर टीव्ही ठणठणीत आहे, सिनेमाच रुंद आहे. चारही बाजूंना काळं दिसलं तर मात्र सेटिंग चुकलंय. टीव्हीचं सेटिंग वेगळं आणि सेट टॉप बॉक्सचं वेगळं असतं, दोन्ही बघा. रिमोटवर 'आस्पेक्ट' किंवा 'पिक्चर साइझ' असं बटण असतं. ते 16:9 किंवा 'ओरिजिनल'वर ठेवा. पैसे लागत नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच घरी 1953 चा 'श्यामची आई' लावणार आहोत. तो जुन्या मापाचा, म्हणून यावेळी पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतील, आठ-आठ सेंटिमीटर. मागच्या खेपेला कुणीतरी 'वाइड' दाबून चित्र ताणलं होतं आणि वनमालाबाईंची आई चांगली गरगरीत दिसत होती. यावेळी रिमोट सासूबाईंच्या हातात आहे. संध्याकाळी सहाला या, चहा आम्ही ठेवतो.